वस्तीवरचा गोठा पेटवला : जाळपोळीचा गुन्हा कशाकशाने सिद्ध होतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. शेतातल्या वस्तीवर रात्री गोठा आणि त्याला लागून असलेली कडब्याची गंजी पेटली. पलीकडच्या राहत्या घराचे वासे करपले, पण घर वाचलं. भावकीतल्या एकाशी बांधावरून जुना वाद आहे. त्याने आठवडाभर आधी चारचौघांत धमकी दिली होती आणि आग लागली तेव्हा तुमच्या आईने त्याला गंजीमागून पळताना पाहिलं. ठाण्यात मात्र ‘अकस्मात जळीत’ अशी नोंद झाली. समोरचा म्हणतो, शॉर्टसर्किट झालं. वर असंही म्हणतो की गट सामाईक आहे, गोठा माझाही आहे, मग स्वतःच्याच मालमत्तेची जाळपोळ कसली?

मी सत्र न्यायालयात आधी सरकारी बाजूने आणि नंतर बचावाच्या बाजूने असे खटले चालवले आहेत. त्यामुळे दोन्हीकडून सांगतो.

सामाईक मालकीचा मुद्दा आधी निकालात काढू, कारण तो सर्वांत पोकळ आहे. आपल्या कायद्यात जाळपोळ नावाचा वेगळा गुन्हा नाही. तो ‘आगळीक’ या गुन्ह्याचा आगीने केलेला, जास्त शिक्षेचा प्रकार आहे. आगळीक म्हणजे जनतेचं किंवा कुणाही व्यक्तीचं गैरवाजवी नुकसान व्हावं या इराद्याने, किंवा ते होण्याचा संभव आहे हे माहीत असताना, मालमत्ता नष्ट करणं किंवा तिचं मूल्य वा उपयोग घटेल असा बदल तिच्यात करणं. दंड संहितेत हे कलम ४२५ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३२४ आहे. दोन्हीकडे याच व्याख्येखालच्या स्पष्टीकरणांत लिहिलंय की नुकसान मालकाचंच करायचं होतं असं असावं लागत नाही आणि स्वतःच्या किंवा सामाईक मालमत्तेवरही आगळीक होऊ शकते. विधिमंडळाने हे दीडशे वर्षांपूर्वीच मिटवून ठेवलंय. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात दुसऱ्याचं राहतं घर जाळलं तरच हा गुन्हा होई, तिथे तुमच्या भावकीचा युक्तिवाद कदाचित चालला असता. दंड संहितेचा मसुदा करणाऱ्या मेकॉलेच्या आयोगाने आपल्याकडे वेगळी वाट धरली. संहितेतलंच एक उदाहरण विमा उतरवलेल्या जहाजाचं आहे : मालकाने विमा कंपनीला खड्ड्यात घालण्यासाठी ते मुद्दाम बुडवलं, तर जहाज त्याचं असूनही ती आगळीकच. आज त्याच न्यायाने विम्यासाठी स्वतःचं गोदाम पेटवणारा व्यापारी आगळीक करतो, आणि दावा दाखल केला की फसवणुकीचं कलमही त्याच्या गळ्यात पडतं.

आपल्या ऊसपट्ट्यात याची एक अवघड छटा दिसते. कारखान्याची तोड वेळेवर मिळत नाही म्हणून शेतकरी स्वतःचाच फड पेटवतो, कारण जळीत ऊस आधी न्यावा लागतो. भावात कपात होते, ती तो सोसतो. एवढ्यावर गुन्हा बनतो का? माझ्या मते नाही. त्यात दुसऱ्या कुणाचं गैरवाजवी नुकसान करायचा इरादाही नाही आणि जाणीवही नाही. पण वारा शेजारच्या फडाकडे आहे, मधे पट्टा मोकळा केलेला नाही, आणि तरी काडी ओढली, तर प्रश्न बदलतो. मग न्यायालय विचारतं की याला हे कळत होतं का. कळत होतं असं सिद्ध झालं तर आगळीक. निव्वळ बेफिकिरी असेल तर आगीबाबत निष्काळजीपणाचं कलम लागतं, न्याय संहितेत २८७, ज्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पाचट पेटवताना शेजाऱ्याची द्राक्षबाग होरपळली, या प्रकारातल्या बहुतेक तक्रारी खरं तर या दुसऱ्या कलमाच्या असतात. फिर्यादी मात्र त्या पहिल्यात बसवायला बघतात आणि शेवटी दोन्हीही हातचं जातं.

आता तुमच्या प्रकरणाचा गाभा. गावात सगळे सुरुवात करतात ती ‘कोणी पेटवलं’ इथून. नाव तर आधीच ठरलेलं असतं. न्यायालय मात्र उलट्या टोकाने निघतं : आग लावली गेली का? लावली असेल तर याच माणसाने का? कोणत्या मनाने? आणि शेवटी, जळलं ते कायद्याच्या भाषेत काय होतं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर नीट न देता दुसऱ्यावर उडी मारणं, हे जाळपोळीच्या खटल्यांत निर्दोष सुटकेचं मी पाहिलेलं सर्वांत मोठं कारण. शॉर्टसर्किटचा बचाव आरोपीला सिद्ध करावा लागत नाही. तो फक्त शंका उभी करतो. ती शंका पुसण्याचं काम सरकार पक्षाचं असतं आणि ते आगीनंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांतच करता येतं.

आग लावली गेली हे कशावरून दिसतं? पहिलं, सुरुवात कुठून झाली. गोठ्यात वीजजोडणीच नसेल किंवा मीटर आणि वायर दुसऱ्या टोकाला असून जळण्याचा जोर गंजीच्या बाहेरच्या कडेला जास्त असेल, तर शॉर्टसर्किटची गोष्ट तिथेच लंगडी पडते. एकमेकांपासून लांब दोन ठिकाणी एकाच वेळी आग दिसली असेल, तर तो पुरावा फार बोलका असतो. अपघाती आग सहसा एका जागेवरून पसरते. दुसरं, वायरींची अवस्था. विद्युत निरीक्षकाने येऊन वायर, फ्यूज आणि मीटर पाहून अहवाल दिला तर त्याला वजन असतं. गावचा वायरमन ‘शॉर्टसर्किट नव्हतं’ म्हणाला, याला नाही. अग्निशमन दलाचा बंब आला असेल तर त्यांच्या अहवालाची प्रत काढा. मात्र त्यातलं ‘संभाव्य कारण’ हे मत असतं आणि उलटतपासात ते अधिकारी बहुधा मान्य करतात की कारणाचा शोध घेणं त्यांचं काम नव्हतं, विझवणं होतं.

तिसरं म्हणजे राख. रॉकेल, पेट्रोल, डिझेल यांचे अंश जळक्या लाकडात, मातीत, कापडात राहतात. प्रयोगशाळेत ते गॅस क्रोमॅटोग्राफीने सापडतात. पण पेट्रोल झपाट्याने उडून जातं आणि साध्या प्लास्टिकच्या पिशवीतून वाफ निसटते. नमुना हवाबंद डब्यात, घट्ट झाकणाने, पंचांसमोर सीलबंद व्हायला हवा आणि शेजारची न जळलेली मातीही तुलनेसाठी वेगळी घ्यायला हवी. प्रत्यक्षात काय होतं? घटनास्थळ पंचनामा तिसऱ्या दिवशी, राख पिशवीत, पिशवी मुद्देमाल खोलीत कित्येक आठवडे, आणि मग न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेचा अहवाल येतो : ज्वालाग्राही द्रव आढळला नाही. बचावाचा वकील हा कागद फ्रेम करून ठेवतो. अहवाल तुमच्या बाजूने आला तरी हुरळून जाऊ नका. वस्तीवरच्या गोठ्यात डिझेल इंजिन असेल, चिमणी असेल, तर डिझेल आणि रॉकेल तिथे असणारच. मग सांगावं लागतं की ते गंजीच्या बाहेरच्या बाजूला काय करत होतं.

नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या, कलम १७६(३) मध्ये सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी येऊन पुरावा गोळा करण्याची आणि त्याचं चित्रीकरण करण्याची तरतूद आली आहे. राज्याने अधिसूचित केलेल्या तारखेपासून, जास्तीत जास्त पाच वर्षांच्या आत, ती अनिवार्य व्हायची आहे. आगीने आगळीक या पातळीत बसते. लेखी अर्ज देऊन तज्ज्ञ पथक मागवा. आलं नाही तरी मागितल्याची पोच तुमच्याकडे राहते.

दुसरा प्रश्न, माणूस कोण. तुमच्या आईची साक्ष इथे सगळ्यात मोलाची आहे. नातेवाईक आहे म्हणून ती बाद होत नाही. रात्री, शेतात, घरच्यांखेरीज पाहणार कोण? पण तिला नेमकं काय दिसलं हे फिर्यादीतच यायला हवं. तिने त्याला काडी लावताना पाहिलं की आग लागल्यावर पळताना? किती अंतरावरून? उजेड कशाचा होता, आगीचा की चांदण्याचा? पळताना तोंड तिच्याकडे होतं की पाठ? पळताना पाहणं हा पेटवल्याचा थेट पुरावा होत नाही, ती परिस्थिती आहे. परिस्थितीजन्य पुराव्याची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या आपल्या पुण्याच्या खटल्यात घालून दिली. खटला विषप्रयोगाचा होता, पण त्यातली पाच तत्त्वं, ज्यांना न्यायालयाने पंचशील म्हटलं, आज प्रत्येक जाळपोळीच्या निकालपत्रात दिसतात. सार एवढंच की कड्या तुटता कामा नयेत आणि आरोपीच्या निर्दोषत्वाशी जुळणारा दुसरा कोणताही वाजवी अर्थ उरता कामा नये.

धमकी म्हणजे हेतूचा पुरावा, ती ग्राह्य आहे. पण वैर दुधारी असतं. त्याने पेटवण्याचं ते जसं कारण, तसंच तुम्ही त्याला गोवण्याचंही. म्हणून धमकीच्या वेळी हजर असलेल्या, दोन्ही घरांशी देणंघेणं नसलेल्या माणसाचा जबाब महत्त्वाचा. धमकीनंतर ठाण्यात अदखलपात्र नोंद केली असेल तर तिचा क्रमांक शोधा, कारण आगीच्या आधीचा कागद नंतर रचलेला म्हणता येत नाही.

त्याने बाटलीत पेट्रोल घेतलं असेल तर पंपावरचं चित्रण ताबडतोब मागवायला हवं, कारण यंत्रं ठरावीक दिवसांनी जुनं पुसून नवं साठवतात. त्यासोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र, म्हणजे पूर्वीचं ६५ ब, लागतं. ते नसलं की चित्रण कितीही स्पष्ट असो, न्यायालय पाहत नाही. हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जालन्याच्या निवडणूक वादात, अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात, शेवटचं पक्कं केलं. आरोपी लगेच सापडला असेल तर त्याची वैद्यकीय तपासणी करून हातावरचे केस, भुवया, बोटं होरपळली आहेत का ते लिहून घ्यायला हवं. पेट्रोलला काडी लावणारा बऱ्याचदा स्वतः थोडा भाजतो, कारण वाफ आधी पेट घेते. दोन आठवड्यांनी यातलं काही दिसणार नाही.

मनाचा प्रश्न लोकांना अवघड वाटतो, पण तिथे कायदा फिर्यादीच्या बाजूला झुकलेला आहे. इरादाच हवा असं नाही, ‘हे होण्याचा संभव आहे’ ही जाणीव पुरते. ‘मला फक्त गंजी जाळायची होती, घराला काही करायचं नव्हतं’ हा बचाव उन्हाळ्यातल्या वाऱ्यात, घराला खेटून असलेल्या गंजीबाबत, फारसा टिकत नाही. दारूचंही तसंच. ‘तो प्यायलेला होता’ हे गावात जवळजवळ माफीचं कारण समजलं जातं. कायद्याच्या लेखी स्वतःहून प्यायलेल्या माणसाला शुद्धीतल्या माणसाइतकीच जाण होती असं धरलं जातं. न्याय संहितेचं कलम २४, जुनं ८६ आणि १९५६ चा बासदेव विरुद्ध पेप्सू हा निकाल याबद्दल आहेत. इरादा मात्र तसा आपोआप धरत नाहीत, तो परिस्थितीवरून ठरतो. पण आगीच्या कलमात जाण पुरत असल्यामुळे दारूच्या बचावाला इथे जवळपास जागाच उरत नाही.

आता काय जळलं. खरी लढाई बऱ्याचदा इथेच होते, कारण जामीन आणि न्यायालय यावर ठरतं. न्याय संहितेच्या कलम ३२६ मध्ये आगीची दोन पोटकलमं आहेत. ‘एफ’ म्हणजे आगीने किंवा स्फोटकाने कोणत्याही मालमत्तेचं, शेतमालासह, नुकसान : सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. हे जामीनपात्र आहे आणि प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे चालतं. ‘जी’ म्हणजे देवस्थान, माणसांचं राहतं घर किंवा मालमत्ता ठेवण्याची जागा म्हणून सामान्यतः वापरली जाणारी इमारत नष्ट करण्याच्या इराद्याने किंवा जाणिवेने लावलेली आग : जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद, आणि दंड. हे अजामीनपात्र, सत्र न्यायालयाचं. जुन्या संहितेत हीच ४३५ आणि ४३६. घटना १ जुलै २०२४ पूर्वीची असेल तर आजही जुनीच कलमं लागतील. एक फरक लक्षात ठेवा : ४३५ मध्ये निदान शंभर रुपयांचं, आणि शेतमाल असेल तर दहा रुपयांचं नुकसान अशी अट होती. १८६० साली ती रक्कम मोठी असेल, आज तिच्यावरून वाद घालणं हास्यास्पद झालं होतं. नव्या कलमातून ती काढून टाकली, बरं झालं.

तर तुमची कडब्याची गंजी ‘एफ’ मध्ये जाते. ती इमारत नव्हे. उभा ऊस, खळ्यावरची रास, मोटारसायकल, सगळं तिथेच. गोठ्याचं काय? राहतं घर नाही, पण ‘मालमत्ता ठेवण्याची जागा’ आहे का? माझं मत, आहे, पण ते सिद्ध करावं लागेल. नुसतं ‘गोठा जळाला’ असा पंचनामा झाला तर बचाव म्हणेल की चार मेढी आणि वर पाचटाचं छप्पर, ही कसली इमारत. म्हणून पंचनाम्यात यायला हवं की भिंती कशाच्या, दार आणि कडी आहे का, आत काय होतं : जनावरं, पेंडीची पोती, पंप, पाईप, बियाणं. तलाठ्याचा नुकसानीचा पंचनामा वेगळा असतो, त्याचीही प्रत घ्या. झोपडी आहे म्हणून इमारत नाही, असा अर्थ न्यायालयं लावत नाहीत. गरिबाच्या कुडाच्या घराला कमी संरक्षण, असा काही कायदा नाही.

‘सामान्यतः वापरली जाणारी’ याचाही अर्थ समजून घ्या. बीडकडचं एखादं कुटुंब चार-पाच महिने ऊसतोडीला गेलं आणि मागे बंद घर कुणी जाळलं, तरी ते राहतं घरच. त्या रात्री आत कुणी असण्याची गरज नाही. उलट, अजून कुणी राहायला न आलेलं, अर्धवट बांधकाम जाळलं तर ‘जी’ लावणं अवघड.

घर पूर्ण जळलं नाही, नुसते वासे करपले, म्हणून ‘जी’ जात नाही. कलम नीट वाचा. आगीने आगळीक व्हायला हवी, आणि इमारत नष्ट करण्याचा इरादा किंवा जाण असायला हवी. नाश पूर्ण व्हायलाच हवा असं ते म्हणत नाही. माझं कुणी ऐकलं तर मी तुमच्या फिर्यादीत घराच्या करपलेल्या वाशांवर गोठ्यापेक्षा जास्त भर देईन. त्यांचे फोटो मोजपट्टी लावून काढा आणि गंजी ते घर अंतर पंचनाम्यात मोजून घ्या. जाणिवेचा सगळा प्रश्न त्या काही फुटांवर उभा आहे.

काहीच पेटलं नाही तर? रॉकेल ओतलं, काडीपेटी हातात, आणि लोकांनी धरलं, तर प्रयत्नाचं कलम, ६२. तयारी आणि प्रयत्न यांच्यातली रेघ बारीक असते. एकोणिसाव्या शतकातला टेलर नावाच्या आरोपीचा एक इंग्रजी खटला यासाठी नेहमी सांगितला जातो. त्याने गंजीपाशी काडी ओढली आणि कुणी बघतंय हे कळताच विझवली. न्यायालय म्हणालं, नुसती काडीपेटी विकत घेतली असती तर तयारी, काडी ओढली म्हणजे प्रयत्न. भिंतीवर रॉकेल ओतून झालं असेल तर माझ्या मते आपल्याकडेही प्रयत्न पूर्ण झाला.

इमारत आणि बाकी मालमत्ता या भेदामुळे बसचा प्रश्न विचित्र होतो. आंदोलनात एसटी जाळली तर ती इमारत नाही, म्हणून ‘जी’ नाही. तिथे १९८४ चा सार्वजनिक मालमत्ता हानी प्रतिबंधक कायदा येतो. त्याच्या कलम ४ खाली आगीने केलेल्या नुकसानीला किमान एक आणि कमाल दहा वर्षं सक्तमजुरी, आणि सरकारी वकिलाला बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय जामीन नाही. बसमध्ये माणसं असतील तर मात्र आगीची कलमं मागे पडतात. १९९३ मध्ये आंध्रातल्या चिलकलुरिपेटजवळ दोघांनी लुटीसाठी बसमध्ये पेट्रोल शिंपडलं, बस पेटली आणि २३ प्रवासी गेले. ‘आम्हाला फक्त लुटायचं होतं’ हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ऐकलं नाही. बंद गाडीत पेट्रोलला आग म्हणजे मृत्यू अटळ, हे कुणालाही कळतं, म्हणून खून. झोपलेल्या माणसांच्या घराला बाहेरून कडी घालून आग लावणाऱ्यालाही हाच तर्क लागतो. भाजलेल्याचा मृत्यूपूर्व जबाब असेल आणि तो शुद्धीत असल्याचं डॉक्टरचं प्रमाणपत्र जोडलेलं नसेल, तरी तो जबाब केवळ तेवढ्याने बाद होत नाही. २००२ च्या लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या घटनापीठाच्या निकालाने हा वाद संपवला.

तुमच्या प्रकरणात लागू नाही, पण विचारणारे पुष्कळ असतात म्हणून : पीडित अनुसूचित जाती किंवा जमातीचा आणि आरोपी त्या समाजाबाहेरचा असेल, तर अत्याचार प्रतिबंध कायद्याचं कलम ३(२) पाहायचं. तिथे राहतं घर, देवस्थान किंवा मालमत्तेची जागा जाळण्याला थेट जन्मठेप आहे, दहा वर्षांचा पर्यायच नाही. अटकपूर्व जामिनालाही सर्वसाधारण बंदी आहे. हा कायदा १९८९ चा. १९७८ मध्ये नामांतराच्या वेळी मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या, तेव्हा तपासी अधिकाऱ्याच्या हातात मुख्यतः दंड संहितेतली ४३५-४३६ आणि दंग्याची कलमं होती.

जमावाने लावलेल्या आगीत ‘काडी कोणी ओढली’ हे सिद्ध करावं लागत नाही. बेकायदा जमावाचं समान उद्दिष्ट सिद्ध झालं की प्रत्येक सदस्य जबाबदार, पूर्वीचं १४९, आता १९०. पण नुसता बघ्या सदस्य होत नाही, हे मुसा खान विरुद्ध महाराष्ट्र राज्य या सत्तरच्या दशकातल्या निकालात स्पष्ट आहे. फिर्यादीत चाळीस नावं घालणाऱ्यांना मी हा निकाल वाचायला देतो. नावं वाढवली की साक्षीदाराला प्रत्येकाची जागा आणि कृती सांगता येत नाही, आणि ज्यांनी खरंच पेटवलं तेही गर्दीबरोबर सुटतात. साक्षीदार फितूर होण्याची भीती तर असतेच. वडोदऱ्याच्या बेस्ट बेकरी खटल्यात ती इतकी टोकाला गेली की २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेरखटला महाराष्ट्रात चालवायचा आदेश दिला आणि तो मुंबईत चालला.

आता तुम्ही काय करायचं. ‘अकस्मात जळीत’ ही नोंद म्हणजे गुन्हा नोंदवणं नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर बंधनकारक, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या ललिता कुमारी निकालापासून ठरलेलं आहे. नागरिक सुरक्षा संहितेत १७३(३) खाली चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते, पण ती तीन वर्षं ते सातपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत. ३२६ चे दोन्ही प्रकार तिच्या बाहेर आहेत, त्यामुळे ‘आधी चौकशी करू’ हे उत्तर इथे चालत नाही. ठाण्याने नकार दिला तर पोलिस अधीक्षकांना टपालाने लेखी तक्रार पाठवा, पोच जपा, मग कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्याकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज करा. अधीक्षकांचा टप्पा वगळून सरळ न्यायालयात गेलात तर अर्ज तिथेच अडतो.

दरम्यान वस्तीवर रात्रीचा पहारा ठेवणार असाल तर एक सावधगिरी. राहत्या घरावर किंवा मालमत्तेच्या जागेवर आगीने आगळीक होत असताना, न्याय संहितेच्या कलम ४१ प्रमाणे मालमत्तेच्या खाजगी बचावाचा हक्क हल्लेखोराच्या मृत्यूपर्यंत जाऊ शकतो. हे अर्धवट ऐकून लोक शेर होतात. तो हक्क आग लावली जात असतानाचा किंवा ती लावली जाण्याची खरी धास्ती असतानाचा आहे, आणि गरजेपुरताच. पळून जाणाऱ्याला बांधावर गाठून कुऱ्हाड घातलीत तर आरोपीच्या पिंजऱ्यात तुम्ही असाल.

भावकीतलं प्रकरण आहे, म्हणजे मिटवामिटवीचा निरोप येईलच. आगीची ही कलमं आपसांत मिटवण्याजोगी नाहीत. उच्च न्यायालयात दोघांनी मिळून अर्ज केला तर योग्य प्रकरणात गुन्हा रद्द होऊ शकतो, पण राहत्या घराच्या आगीत न्यायालयं सहजासहजी हो म्हणत नाहीत. वाटणी, नुकसानभरपाई, बांधाची मोजणी हे सगळं त्या तडजोडीत लेखी आलं नसेल तर सही करू नका.

आणि तपास थंड पडला तर ठाणं न्यायालयात समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, पाठवेल. बहुधा ‘अ’, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही. जाळपोळीत ही फार येते. क्वचित ‘ब’, म्हणजे तक्रार खोटी, आणि ती आली तर उलट तुमच्यावर कारवाईची शिफारस असू शकते. समरी मंजूर करण्याआधी न्यायालयाने तुम्हाला नोटीस द्यावी लागते. त्या तारखेला गैरहजर राहू नका. हरकतीचा अर्ज द्या आणि त्यात कोणत्या साक्षीदाराचा जबाब घेतला नाही, कोणता नमुना पाठवला नाही, चित्रण कधी मागितलं होतं, हे तारखांसह लिहा. न्यायदंडाधिकारी पुढील तपासाचा आदेश देऊ शकतात किंवा कागद पुरेसे वाटले तर स्वतःच दखल घेऊन समन्स काढू शकतात.